माईकवर बोललेलं

घाटकोपर, १२ मे २०२४

दादा, जयभीम.

पत्र बघून हसशील. हस बापड्या. माझा नंबर ब्लॉक, आईचा ब्लॉक, मग काय आता कबूतर उडवू? सीतारामकाकांना कोणीतरी सांगितलं की तू मनोरीला त्या बंगलेवाल्यांकडे कामाला आहेस आणि शनिवार-रविवार त्यांच्याच बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतोस. पत्ता त्यांनीच काढून दिला. घाटकोपरहून मनोरी म्हणजे काय अमेरिका आहे का रे? मार्व्याला यायचं, बोटीत बसायचं. पण गेल्या वर्षीच्या जयंतीपासून तू अमेरिकेला गेल्यासारखाच वागतोयस.

इथे सगळं बरं आहे. एम.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं. आमच्या संगीत विभागाच्या हेड शर्मिष्ठा मॅडम परवा म्हणाल्या, "दर्शना, आवाज छान आहे, पण तू खोलीत गात नाहीस, मैदानात गातेस." मी म्हटलं, मॅडम, घरचं वळण आहे, जायला वेळ लागेल. सगळा वर्ग हसला. मला नाही आलं हसू.

पप्पांचा घसा जरा बसलाय. बाकी ठीक.

काम सांगते. मॅडमनी लोकगायकांचा ध्वनिसंग्रह करायला घेतलाय. विभागातच छोटा स्टुडिओ आहे, तिथे रेकॉर्डिंग होतं. मी पप्पांचं नाव दिलं. आधी मला चार शिव्या घातल्या, मग तयार झाले. एवढी वर्षं भीमगीतं गायली, पण मोबाइलवर कोणी घेतलेल्या फाटक्या क्लिपांपलीकडे त्यांचं काही नाही. पेटीला सीतारामकाका आहेतच. ढोलकला कोणी नाही. म्हणजे वस्तीत पोरं ढीगभर आहेत, पण पप्पा म्हणतात, "त्याचा ठेका कोणाला येत नाही." तो म्हणजे कोण ते कळलं ना? नाव अजून घेत नाहीत.

पंचवीस तारखेला, शनिवारी आहे. येशील?

दर्शना

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. घसा बसलेला नाही. कॅन्सर आहे. जूनमध्ये ऑपरेशन, स्वरयंत्र पूर्ण काढणार. त्यानंतर आवाज नाही, कुजबुजसुद्धा नाही. आईनं शपथ घातली होती की प्रितमला कळवायचं नाही, दया म्हणून आला तर ह्यांना सहन होणार नाही. मी शपथा-बिपथा मानत नाही, तुला माहीत आहे.


घाटकोपर, २६ मे

दादा,

आला नाहीस. बरं.

काल रेकॉर्डिंग झालं. ढोलकला शेवटी काकांचा पुतण्या बसवला. पप्पांनी त्याला पहिल्याच गाण्यात दोनदा थांबवलं आणि मग नाद सोडला. पण गायले मात्र कसले रे! घसा आतून सडलेला, डॉक्टर म्हणतात बोलूसुद्धा नका, आणि हा माणूस वरचा सूर लावून थांबतोय, जसा काही समोर हजार माणूस बसलाय. समोर होता फक्त काचेपलीकडे मिहिर. मिहिर म्हणजे माझ्या वर्गातला, मुलुंडचा, रेकॉर्डिंगचं सगळं तोच बघतो. सज्जन मुलगा आहे. पप्पांना वाकून नमस्कार करायला गेला तर पप्पा म्हणाले, "वाकू नको, जयभीम म्हण." बिचारा लाजत लाजत जयभीम म्हणाला.

आता खरं सांगायचं ते.

शेवटचं गाणं राहिलं होतं. पप्पा मला म्हणाले, "जा, चहा सांगून ये." काकांना आणि त्या पुतण्यालाही बाहेर पाठवलं. मला वाटलं, दम लागला असेल. चहा घेऊन आले तर ते डोळे पुसत होते. मग आम्हाला बसवलं आणि शेवटचं गाणं गायलं.

येताना रिक्षात म्हणाले, "बोललो."

"काय बोललात?"

"त्याला जे हवं होतं ते. माईकवर बोललो. पोराला ऐकव."

मी विचारलं, पण काय बोललात नक्की? तर म्हणतात, "तो ऐकेल की. तू कशाला मध्ये?"

दादा, मी ती जयंती विसरलेले नाही. तू पप्पांच्या गायन पार्टीचा ढोलकवाला, आणि जयंतीच्याच दिवशी ऑर्केस्ट्राची सुपारी घेऊन रिसॉर्टवर गेलास. ते चुकलंच तुझं. पण पप्पांनी जे केलं ते काय होतं? दोन गाण्यांच्या मध्ये माईक तोंडाशी धरला आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "मुलगा कुठे म्हणून विचारणाऱ्यांनी ऐका. धोंडिराम ओव्हाळला मुलगा नाही." तू तेव्हाच पोचला होतास, स्टेजच्या मागे उभा होतास, खांद्यावर बॅग होती. आईला एवढंच म्हणालास, "माईकवर बोललाय ना, माईकवरच परत घेऊ दे. तोवर मी ह्या घरचा नाही."

ही अट तू काय आभाळातून आणलीस? त्यांनीच शिकवलेली. गाण्याच्या मुकाबल्यात समोरच्या पार्टीनं टोमणा मारला तर त्याचं उत्तर त्याच माईकवर, स्टेज सोडायच्या आत. खाली उतरून, पानाच्या टपरीवर "अरे, मस्करी केली" म्हटलेलं चालत नाही. लहानपणी जेवताना आपण भांडलो तरी म्हणायचे, "स्टेजवरचं स्टेजवर."

म्हणून घरात बोलले नाहीत, फोनवर बोलले नाहीत. वर्षभर गाठ मारून बसले आणि काल सोडली. मिहिर फाइल्स नीट करून देणार आहे. आल्या की पेनड्राइव्हवर घालून पाठवते. शेवटच्या गाण्याच्या आधी नीट कान दे. आणि ऐकलंस की ऑपरेशनच्या आत ये, त्यांचा आवाज आहे तोवर. भांडायचं असेल तरी ये, पण समोर ये.

दर्शना


घाटकोपर, ९ जून

दादा,

वाट लागली.

फाइल्स आल्या. सगळी गाणी आहेत, काचेसारखी स्वच्छ. खोकला नाही, पंख्याची घरघर नाही, पेटीचा भाता नाही. आणि शेवटच्या दोन गाण्यांच्या मध्ये काहीच नाही. एक संपतं, दुसरं सुरू होतं.

मिहिरला फोन केला. मधलं बोलणं कुठेय? म्हणतो, "ते काढलं गं, संग्रहाला फक्त गाणी हवीत." मी म्हटलं, ठीक आहे, मूळ रेकॉर्डिंग दे. मग म्हणाला, "फायनल झालं की मूळ उडवतो आम्ही. डिस्कला जागा नसते."

मी तशीच विभागात गेले. माझ्यासमोर त्यानं डिस्क उलटीपालटी केली, कुठलं सॉफ्टवेअर लावलं, एका ओळखीच्या माणसाला बोलावून आणलं. पण त्यावर तोवर पुढची दोन रेकॉर्डिंग चढली होती. काही मिळालं नाही.

मी विचारलं, तू तर हेडफोन लावून बसला होतास, काय बोलले ते तरी आठवतं का? तर काय म्हणाला माहितीये? "दर्शना, मी शब्द ऐकतच नव्हतो. मी लेव्हल बघत होतो. बोलणं सुरू झालं की मी खूण टाकतो, नंतर कापायला सोपं जातं."

माझा बाप वर्षभर दाबून ठेवलेलं बोलत होता आणि हा कापायच्या जागेवर खूण टाकत होता! मी त्याला नाही नाही ते बोलले. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. तो रडला. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी मला खोलीत नेऊन पाणी दिलं. म्हणाल्या, "चूक माझी आहे, नियम मी केलाय." काय करू त्यांच्या चुकीचं? रागवायलासुद्धा धड माणूस मिळेना. आम्ही इथे वर्षभर हेच शिकतोय रे, सूर ऐका, श्रुती ऐका, तंबोऱ्याच्या तारेतला गंधार ऐका. माणूस काय बोलतोय ते ऐका असं कोणी शिकवत नाही.

ऑपरेशन परवा आहे. पप्पांना मी काही सांगितलेलं नाही, परत बोला म्हणायची हिंमत होत नाही. रोज विचारतात, "पाठवलंस?" मी म्हणते, पाठवलं.

माझ्यावर विश्वास ठेव. ते बोललेत. शब्द माझ्याकडे नाहीत, पण बोललेत. उद्याचा अख्खा दिवस त्यांना आवाज आहे. हे पत्र सीतारामकाका स्वतः घेऊन निघालेत, मी इथून हलू शकत नाही.

ये ना रे.

दर्शना


घाटकोपर, ४ ऑगस्ट

प्रितम,

दादा लिहावंसं वाटत नाही.

काकांनी सांगितलं, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "पुरावा नाही म्हणजे बोलले नाहीत. दर्शना लहानपणापासून मधे पडून गोडगोड करते." गोडगोड! मी? बरं.

ऑपरेशन झालं. गळ्याला पुढून भोक आहे, तिथूनच श्वास. तोंडातून हवा येतच नाही, म्हणून आवाज नाही. ओठ हलतात, त्यावरून मी आणि आई ओळखतो. मी जास्त पटकन ओळखते. हॉस्पिटलमध्ये गळ्याला टेकवायचं एक मशीन दाखवलं, त्यानं घरघरत बोलता येतं. पप्पांनी एकदा लावलं, स्वतःचा तो आवाज ऐकला आणि मशीन परत दाखवणाऱ्या बाईंच्या हातात दिलं.

मी विचारून पाहिलं. म्हटलं, पप्पा, स्टुडिओत काय बोलला होतात? ओठ हलले, "त्यालाच विचार." वही पुढे केली, म्हटलं, लिहा तरी. वही बाजूला सारली. त्यांच्या लेखी विषय संपलाय. ते बोलले, तू ऐकलंस, आणि ऐकूनही आला नाहीस. असं धरून चाललेत ते. दारात पावलं वाजली की अजून मान वळते. मग मला बघून हसल्यासारखं करतात. मला घरी यायची लाज वाटायला लागलीये.

मग सांगत का नाही खरं, म्हणशील. काय सांगू? की तुम्ही आयुष्यात एकदा माघार घेतलीत ती आमच्या विभागानं खोकल्याबरोबर कापून टाकली, आणि आता परत बोलायला तुमच्याकडे काही नाही? तू सांगशील? ये आणि सांग.

माझं गाणं थांबलंय. तंबोरा लावते आणि नुसती बसते.

एकवीस सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी विभागाच्या सभागृहात संग्रहाचं प्रकाशन आहे. पप्पांचा सत्कार आहे, गाणी वाजवणार आहेत. मी नको म्हणत होते, पण मॅडम घरी येऊन बोलावून गेल्या आणि पप्पा एकदम उठून बसले. आईला खूण केली, पांढरा सदरा काढ. बोलावणं सोबत घातलंय. आलास तर ये, नाहीतर राहू दे. मी आता हात जोडणार नाही.

दर्शना


घाटकोपर, २२ सप्टेंबर

दादा,

तू आला होतास!

मला काल माहीतच नव्हतं. मी पहिल्या रांगेत आईजवळ होते. आज मिहिर घरी आला तेव्हा कळलं. म्हणाला, मागे साउंडच्या टेबलाशेजारी एक जण उभा होता, काळा शर्ट, कपाळावर व्रण. मी म्हटलं, थांब. तो व्रण माझ्याच पाटीनं झालाय.

तर ऐक. तुला मागून काय दिसलं ते मला माहीत नाही, मला पुढून काय दिसलं ते लिहिते.

पप्पांना स्टेजवर खुर्ची दिली होती. गळ्याला आईनं पांढरा रुमाल बांधला होता. गाणी सुरू झाली. स्वतःचा आवाज ऐकताना ते मांडीवर ठेका धरत होते. शेवटून दुसरं गाणं आलं तसे सावरून बसले, माझ्याकडे बघितलं, मग सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. कारण त्यांच्या हिशेबानं आता ते बोलणं येणार होतं, सगळ्यांसमोर. गाणं संपलं. आणि लगेच शेवटचं सुरू झालं.

दादा, त्यांचा चेहरा बघायला मी तिथे नको होते. आधी वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग माझ्याकडे वळले. मी खाली मान घातली. तेवढ्यात सगळं कळलं त्यांना. आणि मग त्यांनी परत मागे बघितलं आणि एकदम उठले. तेव्हा मला कळेना का उठले. आता कळतंय. त्यांना तू दिसलास.

गाणं संपायच्या आत ते माईकशी गेले. माईक नीट केला, स्वतःच्या उंचीला आणला. मॅडमना वाटलं, आभार मानायचेत, त्यांनी मिहिरला खूण करून गाणं बंद केलं. सभागृह चिडीचूप. पप्पा बोलायला लागले. माईकवर फक्त गळ्यातल्या भोकाची हवा येत होती, फस्स, फस्स. लोकांना काय समजणार? पण मी पहिल्या रांगेत होते आणि मी तीन महिने तेच ओठ वाचतेय. शब्द असे होते:

"मला मुलगा आहे. प्रितम. मी जयंतीला माईकवर बोललो ते खोटं होतं. ते मी माईकवर मागे घेतो. माझा ठेका त्याच्याकडे आहे. पोरा, चुकलो."

आणि हात जोडले. तुझ्याकडे बघून.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून! सगळ्यांना वाटलं, म्हातारा आवाज नसतानाही विद्यापीठाचे आभार मानतोय. मॅडमनी डोळे पुसले, कोणीतरी शाल घातली, फोटोवाला पुढे घुसला. पप्पा त्या गर्दीतून मान उंच करून मागे बघत होते. तू दाराकडे चालला होतास.

जाताना तू मिहिरला म्हणालास, "आभार मानायला बरं जाता येतं ह्यांना माईकवर." तू कोण ते त्याला माहीत नव्हतं. आज मला सांगताना हे वाक्य कसं उच्चारलंस तेसुद्धा त्यानं करून दाखवलं. आता ऐकतो तो, शब्द न् शब्द.

पप्पा कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी मिहिरचं ऐकल्यावर जाऊन सांगितलं त्यांना सगळं, डिस्कचंही. म्हटलं, पप्पा, त्याला मागून ओठ दिसले नाहीत, त्याला वाटलं तुम्ही आभार मानताय. मग वळले आणि हसले रे, खांदे हलवून. ओठ हलले, "मग परत बोलू. त्याला पुढे बसव."

तर ये. तुझी अट पूर्ण झालीये, आणि तरी ते पुन्हा पूर्ण करायला तयार आहेत. रेडिएशन सुरू आहे, अंगात ताप आहे, छातीत कफ साठतोय. उगाच मान धरून बसू नकोस.

तुझी दर्शना


मनोरी, ३ ऑक्टोबर

दादा,

हे तुझ्या खोलीच्या पायरीवर बसून लिहितेय.

पप्पा मंगळवारी सकाळी गेले. छातीत न्यूमोनिया झाला. काल दुपारपर्यंत थांबलो. आईनं दहा जणांच्या फोनवरून तुला लावलं, एकही लागला नाही. मग काका म्हणाले, आता ठेवणं बरं नाही. खांदा मीही दिला. एक म्हातारा काहीतरी पुटपुटला, त्याच्याकडे आईनं असं बघितलं की गप्प झाला.

म्हणून आज आले. म्हटलं, हाताला धरून नेईन. तर इथली बाई म्हणते, तुम्ही बँडवाले तेवीस तारखेलाच, सोमवारी गोव्याला गेलात, फोन बदललाय, शनिवारी परत याल. मी दार ढकललं तर खालच्या फटीत माझं मागचं पत्र पडलेलं. पाकीट बंद.

म्हणजे तुला काहीच माहीत नाही. तू अजून त्या टाळ्याच घेऊन फिरतोयस.

ते पत्र मी तिथेच ठेवलंय, त्यावर हे ठेवते. आधी खालचं वाच. त्यात त्यांचे शब्द आहेत. मी त्यात एकही घातलेला नाही आणि एकही काढलेला नाही, माझी शपथ. मी शपथा मानत नाही, तरी घेते.

तुझ्यावर खूप राग आहे. पुरावा मागत बसलास. पप्पांवरही आहे, त्यांना साधं दारात येऊन पोराला हाक मारता आली नाही, माईकच लागला. आणि मला तुम्ही दोघांनी मध्ये टपालपेटीसारखं उभं केलंत. पण शेवटच्या आठवड्यात ते रोज विचारायचे, "आला?" मी म्हणायचे, येतोय. सोमवारी संध्याकाळीही विचारलं, मी तेच म्हटलं. मग त्यांनी विचारलं, पुढे जागा ठेवलीस ना? मी म्हटलं, ठेवलीये.

रविवारी वस्तीत पुण्यानुमोदन आहे, नंतर आदरांजली सभा. जयंतीचं स्टेज लागतं त्याच जागेवर. मॅडम आणि मिहिर येणार आहेत. मंडळानं मला गायला सांगितलंय. मी गाणार नाही. मी माईक घेऊन पप्पांचे ते शब्द म्हणणार आहे, जसेच्या तसे, मैदानात म्हणतात तसे.

तू असलास तर पुढे बस. नसलास तरी म्हणणार. धोंडिराम ओव्हाळला मुलगा नाही हे सगळ्या वस्तीनं ऐकलंय, तेव्हा हेही सगळ्यांना ऐकावं लागेल.

दर्शना